साडेसहाशे ग्रॅमचा जीव

या सदरात आजवर आम्ही घरखर्चाविषयी लिहिले, मुलांच्या अभ्यासाविषयी लिहिले, घरातल्या म्हाताऱ्या माणसांविषयी लिहिले. आज मांजराच्या एका पिल्लाविषयी लिहिणार आहोत. काही वाचक हसतील. ‘माणसांचे प्रश्न संपले काय?’ असेही कुणी विचारील. त्यांच्यावर आमचा राग नाही. हाच प्रश्न आमच्या घरात आमच्या सासूबाईंनी आमच्या तोंडावर विचारला होता, आणि त्याचे उत्तरही पुढे त्यांनीच दिले. ते उत्तर वाचक भगिनींच्या आणि बंधूंच्या कानी घालावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या चाळीच्या जिन्याखाली एक भाटी व्याली होती. एका रात्री ती गाडीखाली सापडली आणि मागे दोन पिल्ले राहिली, एक करडे आणि एक काळे. काळ्या मांजराला हात लावू नका, घरात आजार येतो, असे शेजारच्या एका मावशी आमच्या धाकटीला म्हणाल्या. ती शाळेतून आली होती, अंगावर गणवेश तसाच होता. ती म्हणाली, “मावशी, आजार त्यालाच आलाय. ते कुणाला देणार?” आणि दोन्ही पिल्ले ओढणीत घालून वर घेऊन आली.

खरे तर ती आजारी आहेत हे आम्हाला कळले नव्हते. उपाशी आहेत एवढेच वाटले. आम्ही बशीत गाईचे दूध ठेवले. दोघांनी थोडे चाटले आणि ओकून टाकले. मग पातळ, घाण वासाची हगवण सुरू झाली. दूध सोसले नाही, उद्या बरे वाटेल, असे म्हणून आम्ही झोपी गेलो. दूध मांजराच्या पिल्लांना पुष्कळदा सोसत नाही हे खरे आहे, पण हे दुखणे दुधाचे नव्हते. पहाटे उठून पाहतो तो करडे पिल्लू गार झाले होते. काळे पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसले होते. तहान लागल्यासारखे पाण्याकडे बघे, पण पीत नव्हते. ती एक रात्र आम्ही वाया घालवली, ही चूक आम्ही इथे कबूल करतो. मोठ्या मांजराचे एक दिवस निभावते. मुठीएवढ्या पिल्लाला उलटी आणि हगवण दोन्ही लागली, की त्याचा हिशेब दिवसांचा नसतो, तासांचा असतो.

महिन्याची सव्वीस तारीख होती. घरखर्चाच्या डब्यात दोन हजार चारशे रुपये होते. धाकटीच्या शिकवणीची फी वेगळ्या पाकिटात होती आणि त्या पाकिटाला हात लावायचा नाही, हे आम्ही उभयतांनी पूर्वीच ठरवलेले होते. जवळच्या एका खाजगी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तपासले, पाचशे रुपये फी घेतली आणि सांगितले, “दाखल करावं लागेल. पाच दिवस धरा. पंधरा हजारांपर्यंत जाईल. आधी पाच हजार भरा.” आम्ही एकमेकांकडे पाहिले. खरे ते तिथेच सांगायला हवे होते, पण जीभ रेटली नाही. “घरी विचारून येतो” म्हणालो आणि पायऱ्या उतरलो. गरिबाला लाज फार महाग पडते. त्या डॉक्टरांना आम्ही आमची ऐपत सांगितली असती, तर कदाचित त्यांनीही दुसरा मार्ग सुचवला असता.

घरी येऊन पैशाचे बोलणे चालले होते, तेव्हा सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, “माणसाच्या लेकराला सलाईन मिळालं नाही, अन् मांजराला लावताय?”

आम्ही गप्प झालो. हे बोलणे कोठून आले ते आम्हाला ठाऊक होते. बहात्तरच्या दुष्काळात सासूबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होत्या. दीड वर्षांचा थोरला मुलगा झाडाला बांधलेल्या झोळीत असे. त्याला हगवण लागली. आजूबाजूच्या बाया म्हणाल्या, पाणी पाजू नको, पाण्याने हगवण वाढते. सासूबाईंनी पाजले नाही. तिसऱ्या दिवशी मूल गेले. घरात ही गोष्ट फार वेळा बोलली गेलेली नाही. दोनदा, फार तर तीनदा.

त्या दुष्काळाच्या एकच वर्ष आधीची हकीगत वाचकांना सांगायला हवी. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायच्या सलाईनचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा ठरलेल्या प्रमाणात पाण्यात घालून पिंपांतून ते पाणी वाटले आणि नातेवाइकांनाच पाजायला लावले. छावणीत शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चारच्या खाली आले. हगवण मारते ती अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. ते परत भरले तर माणूस वाचतो. पण हे ज्ञान खडीच्या कामावर पोचले नव्हते. तिथे पोचले होते ते ‘पाणी पाजू नको’ एवढेच.

दुपारी आम्ही एका धर्मादाय दवाखान्यात गेलो. रांगेत दीड तास बसलो. या वेळी आत शिरताच मुलीचे वडील म्हणाले, “मॅडम, आधीच सांगतो. आमच्याकडे एकोणीसशे रुपये आहेत. त्याच्या पुढे नाहीत. एवढ्यात काय करता येईल ते सांगा.”

डॉक्टरबाई हसल्या नाहीत की रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत. मग तसं ठरवू.” त्यांनी पहिला प्रश्न धाकटीला विचारला, “हाताला नख लागलं का? चावलं का?” तिने मनगटावरचा ओरखडा दाखवला. “साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धू आणि आजच सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू कर. तिथे फुकट मिळते. आधी तू, मग पिल्लू.” भटक्या जनावराचा ओरखडा लहान म्हणून सोडून देऊ नये, हे वाचकांनीही ध्यानात ठेवावे.

पिल्लाचे वजन भरले साडेसहाशे ग्रॅम. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. हिरड्या पांढुरक्या आणि चिकट होत्या. अंगातले पाणी आटल्याची ही खूण. डॉक्टरबाईंनी रोगाचे नाव सांगितले पॅनल्युकोपेनिया. बोलीत त्याला मांजरांचा पार्व्हो म्हणतात. याचा विषाणू आतड्याच्या अस्तरावर आणि हाडांतल्या मगजावर हल्ला करतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात आणि प्रतिकाराची शक्ती उरत नाही. उपचार न मिळालेली लहान पिल्ले बहुतेक दगावतात. हा रोग माणसाला होत नाही.

“याची चाचणी असते,” त्या म्हणाल्या. “विष्ठेची पट्टी असते, रक्तही तपासता येतं. पण चाचणी कशीही आली तरी आज मी औषध हेच देणार आहे. ते पैसे सलाईनला ठेवा.” थोडक्या पैशात आजारपण काढणाऱ्याने हे वाक्य पाठ करावे असे आम्हाला वाटते. ज्या तपासणीने उपचार बदलणार आहे ती आधी करावी. ज्या तपासणीने काही बदलणार नाही ती पुढे ढकलता येईल का, हे डॉक्टरांना सरळ विचारावे. विचारण्यात अपमान नाही.

या विषाणूला मारणारे हुकमी औषध नाही. म्हणून उपचार तीन गोष्टींचा: अंगात पाणी भरणे, उलटी थांबवणे आणि दुसरा जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून प्रतिजैविक देणे. इंजेक्शनांसाठी रोज यायचे ठरले. सलाईन मात्र घरी द्यायला त्यांनी शिकवले. खांद्याजवळची कातडी वर उचलून तंबू करायचा, त्यात सुई घालायची आणि कातडीखाली सलाईन सोडायचे. तिथे टेंगूळ येते आणि काही तासांत जिरते. किती द्यायचे, कितीदा द्यायचे, हे त्यांनी वजनावरून लिहून दिले. हे त्यांच्यासमोर दोनदा करून दाखवल्यावरच त्यांनी आम्हाला घरी सोडले. वाचून किंवा ऐकून हे कुणी करू नये.

घरी खोक्यात जुन्या लुगड्याची घडी घातली. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवली, म्हणजे ऊब नको झाली तर पिल्लाला दुसरीकडे सरकता येईल. डॉक्टरबाईंनी बजावले होते की गार पडलेल्या पिल्लाला खायला घालू नये. आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. अंग थंड असताना आतडी काम करीत नाहीत आणि घातलेले घशात जाऊन श्वास कोंडतो. मांजराचा ताप मोजताना माणसाचा आकडा धरू नये. त्याचे नेहमीचे तापमान साधारण शंभर ते एकशे दोन फॅरनहाइट असते. त्याच्यासाठी वेगळे थर्मामीटर घेतले. रद्दीवाल्याने आपला काटा पाच रात्री आम्हाला वापरू दिला. कॅलेंडरच्या पाठीवर आम्ही रेघा मारल्या आणि वेळ, ताप, वजन, उलटी, हगवण असे रकाने केले.

पहिल्या रात्री दोनच्या सुमारास आम्हाला जाग आली. खोक्याजवळ दिवा लागलेला होता. सासूबाई मांडी घालून बसल्या होत्या. आमच्याकडे न बघता म्हणाल्या, “बाटली गार झाली होती. बदलली.” त्यानंतर रात्रीची पाळी त्यांनी कुणाला दिली नाही.

दुसऱ्या दिवशी वजन सहाशे चाळीस, तिसऱ्या दिवशी सहाशे दहा. तिसऱ्या संध्याकाळी अंग थंड पडू लागले, डोळे आत गेले. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितले, “आजची रात्र काढली तर आशा आहे. नाही तर उद्या या. तडफडू द्यायचं नसेल तर शांतपणे झोपवणं हाही उपचारच आहे. त्यात तुमचं काही चुकलं असं समजू नका.”

घरी धाकटीने आपला मातीचा गल्ला आणून पुढे ठेवला. म्हणाली, “आई, हा फोडा. क्लासची फीही घ्या. मी या महिन्यात नाही जात.” आम्हाला उत्तर द्यायला वेळ लागला. तिच्या वडिलांनी तिला जवळ बसवले आणि म्हणाले, “बाळ, जेवढं ठरवलं तेवढं आपण करतोय, मनापासून करतोय. तुझी फी त्यात नाही. पैसे कमी म्हणून माया कमी, असं नसतं.” ती रडली. आम्ही तिला रडू दिले. मुलांपासून पैशाची मर्यादा लपवली, तर त्यांना वाटते की मोठ्यांचे मनच नव्हते. समोर मांडली तर दुःख होते, पण गैरसमज होत नाही. गल्ला आम्ही फोडला नाही.

त्या रात्री सासूबाईंनी पिल्लू लुगड्यात गुंडाळून छातीशी धरले. डॉक्टरबाईंच्या सांगण्याप्रमाणे साखरेच्या पाण्याचे बोट हिरड्यांवर फिरवीत राहिल्या. दर दोन तासांनी सलाईनची बाटली कोमट पाण्यात ठेवायला आणि थर्मामीटर वाचायला आम्हाला उठवीत. त्यांना आकडे वाचता येत नाहीत, पण कोणता रकाना रिकामा आहे हे त्या अचूक दाखवीत. पहाटे ताप शंभरावर आला. उलटी झाली नव्हती. सकाळी सातच्या सुमारास पिल्लाने बोट चाटले. आधी एकदा, मग पुन्हा.

चौथ्या दिवसापासून कोंबडी शिजवलेले पाणी, मग कोंबडीचा वाटलेला मऊ गोळा, सुपारीएवढा, दोन-दोन तासांनी. त्यात मीठ, कांदा, लसूण काही नाही. कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला विष आहे. वजन सहाशे पंधरा, मग सहाशे चाळीस. पंधरा दिवसांनी आठशे वीस.

आता हिशेब मांडतो, कारण पुष्कळ वाचकांना तोच उपयोगी पडेल. पहिल्या दवाखान्याची फी ५०० रुपये. धर्मादाय दवाखान्यातील पाच फेऱ्यांचे केसपेपर २५०. इंजेक्शने ६२०. सलाईनच्या दोन बाटल्या, नळी आणि सुया २४०. थर्मामीटर १५०. सिरिंज आणि ग्लुकोज ६०. कोंबडी १८०. बसभाडे १२०. एकूण २,१२० रुपये. डब्यात २८० उरले. त्या आठवड्यात घरात भाजी कमी आली आणि वरण जास्त झाले, हेही हिशेबात धरावे.

हे पैसेही वाचले असते, आणि करडे पिल्लूही वाचले असते, जर वेळेवर लस मिळाली असती. जिन्याखालच्या पिल्लांना ती कोण देणार, हा प्रश्न आहेच. पण ज्यांनी मांजर घरात आणले आहे त्यांनी सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर पहिला डोस द्यावा आणि सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस पुरे करावेत. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर वेगळी असते.

आणखी चार गोष्टी सांगतो. त्यांतली एक तरी चूक घरोघर होते.

ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. अर्धीही नको, पावही नको. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही. एका गोळीने मोठे मांजर मरू शकते.

आजारी मांजराची जागा फिनाईलने पुसू नये. त्यातली काही द्रव्ये पंजांवाटे आणि चाटण्यातून मांजराच्या पोटात जातात व विषारी ठरतात. या विषाणूसाठी साधे ब्लीच चालते. चार लिटर पाण्यात सव्वाशे मिलिलिटर ब्लीच घालून फरशीवर दहा मिनिटे राहू द्यावे, मग स्वच्छ पाण्याने पुसावे. तोवर मांजर दुसऱ्या खोलीत ठेवावे. खोके आणि चिंध्या टाकून द्याव्यात. हा विषाणू घरात वर्षभरही टिकतो, म्हणून त्या घरात लस न घेतलेले दुसरे पिल्लू आणू नये.

कुत्र्याच्या गोचिडांचे औषध मांजराला लावू नये. त्यांतल्या काहींत परमेथ्रिन असते आणि ते मांजराला मारक आहे.

आणि डॉक्टर परवडत नाही म्हणून घरी बसू नये. आपल्या राज्यात मुंबईत परळला, तसेच नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि अकोला येथे शासकीय पशुवैद्यकीय शिक्षणसंस्था आहेत. मुंबईचे महाविद्यालय तर १८८६ सालापासूनचे आहे. अशा ठिकाणच्या चिकित्सालयांत विद्यार्थी शिकतात आणि खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय चिकित्सालये आहेत. ती गाई-म्हशींसाठीच असतात असे समजून आपण जात नाही. जाऊन विचारावे. आणि आत शिरतानाच आपल्याजवळ किती रुपये आहेत ते सांगावे. आम्ही पहिल्या दवाखान्यात ते सांगितले नाही आणि अर्धा दिवस गमावला.

एवढे करूनही पिल्लू वाचेलच असे नाही. आमचे वाचले, तसेच सगळे करूनही दुसऱ्याचे जाऊ शकते. त्याने स्वतःला बोल लावू नये.

पिल्लू आता दांडगा काळा बोका झाला आहे. त्याचे ऑपरेशन करून घेतले, लसी पुऱ्या झाल्या. आजार येतो म्हणणाऱ्या मावशींच्या दारात तो दुपारचा झोपतो आणि त्या त्याला हाकलीत नाहीत.

लेखाच्या आरंभी म्हटले होते की सासूबाईंनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनीच दिले. आठव्या दिवशी आम्ही त्यांना विचारले, “आत्याबाई, तुम्हीच तर म्हणाला होता, मांजराला कशाला सलाईन. मग पाच रात्री जागलात कशाला?”

त्या तांदूळ निवडीत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, “तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, पाणी पाज म्हणून. या खेपेला माहीत होतं. माहीत असून निजू कशी?”

मग थोड्या वेळाने त्यांनी धाकटीला हाक मारली आणि कॅलेंडर उलटे करून त्या रकान्यांतले आकडे वाचून दाखवायला सांगितले, पहिल्या दिवसापासून.